तळघरातील तीन खांब, लाकडी आवरण आणि आतली कपाटे

मांजलपूरकर

नमस्कार मंडळी. बडोद्यातील आमच्या बंगल्याला तळघर आहे. लांबी साधारण २२ फूट, रुंदी १६ फूट, स्लॅबपर्यंतची उंची पावणेनऊ फूट आणि तुळयांखाली जेमतेम साडेसात फूट. आजवर तेथे केवळ अडगळ साठत आली. आता तेथे वाचनाची खोली, मुलीच्या अभ्यासाची जागा आणि पाहुणे आल्यास दोन गाद्या घालता येतील अशी सोय करण्याचा विचार आहे. अडचण मधोमध उभ्या असलेल्या तीन खांबांची आहे.

त्यांपैकी दोन आर.सी.सी.चे, म्हणजे सळया घातलेल्या काँक्रीटचे, ९ इंच बाय १८ इंचांचे आहेत. लांब भिंतीपासून ते ५ फुटांवर आहेत, एकमेकांपासून ९ फुटांवर आहेत आणि त्यांची १८ इंचांची बाजू त्या भिंतीशी काटकोनात येते. तिसरा खांब म्हणजे ४ इंची लोखंडी पाइप आहे. काही वर्षांपूर्वी वरच्या मजल्यावरील एक भिंत हलवली, तेव्हा इंजिनिअरांनी तो तुळईखाली दिला. त्याला खाली आणि वर पोलादी पाट्या असून त्या बोल्टने आवळलेल्या आहेत. जिना उतरताना सर्वांत आधी तोच डोळ्यांत खुपतो.

आमच्या मिस्त्रींचा प्रस्ताव असा आहे की खांबांत रावल प्लग (स्क्रू धरण्यासाठी भोकात ठोकायच्या खुंट्या) मारून सागाच्या पट्ट्या ठोकाव्यात, त्यांवर एम.डी.एफ.चे (लाकडाचा भुसा दाबून केलेल्या फळीचे) उभ्या खाचांचे पॅनेल लावावे आणि प्रत्येक खांबाच्या चारही बाजूंना एकेक फूट खोलीचे कपाट करावे, म्हणजे खांबही झाकला जाईल आणि सामानही मावेल. सामानाची यादी थोडक्यात सांगतो: पुस्तके, रजया, कार्यप्रसंगी लागणारी मोठी पातेली आणि गणपतीचे मखर. मखराचे भाग सुटे करता येतात, पण ते प्लायचे भाग ४ फूट बाय ३ फूट आहेत आणि दर वर्षी ते कोठे उभे करावेत यावरून घरात चर्चा होते.

काँक्रीटच्या खांबांत असे भोक पाडणे सुरक्षित आहे काय, कोणते लाकूड किंवा प्लाय घ्यावे, आणि दारे दिसू नयेत अशी कपाटे करता येतील काय, हे मला जाणून घ्यायचे आहे. पत्नीची इच्छा संखेड्याच्या खरादकामाची (खरादावर फिरवून गोल घडवलेल्या, लाखेने रंगवलेल्या लाकूडकामाची) काही झलक असावी अशी आहे. एक गोष्ट आधीच नमूद करतो. ३१ जुलै २०१९ ला एका दिवसात सुमारे २० इंच पाऊस झाला तेव्हा आणि पुन्हा ऑगस्ट २०२४ च्या पुरात आमच्या तळघरात घोट्याइतके पाणी साचले होते. एरवी ओल फारशी जाणवत नाही.

कॉलमबीम

व्यवसायाने स्थापत्य अभियंता असल्यामुळे सौंदर्याचा भाग जाणकारांवर सोपवतो आणि केवळ खांबांविषयी लिहितो.

रावल प्लगच्या चार भोकांनी खांब कोसळेल असे कोणी सांगितल्यास घाबरून जाऊ नये, कारण खांबावरचा भार मुख्यतः दाबाचा असतो आणि एवढ्या लहान छिद्राने काँक्रीटचे क्षेत्रफळ नगण्य कमी होते. प्रश्न सळईचा आहे. आय.एस. ४५६ या काँक्रीटच्या २००० सालच्या भारतीय मानकानुसार खांबातील पोलादावर साधारणपणे ४० मि.मी. काँक्रीटचे आच्छादन असावे लागते; प्रत्यक्षात ओतकामाच्या वेळी फर्मा किंवा पिंजरा सरकला की एका बाजूचे आच्छादन २० मि.मी.वर येते आणि दुसऱ्या बाजूचे ६० होते, आणि बाहेरून पाहणाऱ्याला ते कळण्याचा काहीही मार्ग नसतो. ड्रिलचे पाते रिंगेला (उभ्या सळयांना वेढणाऱ्या आडव्या कडीला) लागले तर मिस्त्री एक इंच सरकून दुसरे भोक पाडतो आणि पहिले तसेच राहते. मग दमट हवा त्या भोकातून पोलादापर्यंत पोहोचते, गंज धरू लागतो, गंजाचे आकारमान मूळ लोखंडापेक्षा कित्येक पट असल्यामुळे आतून ताण येतो आणि सळईच्या रेषेवर उभी भेग पडते. आपण तो खांब लाकडाने मढवलेला असेल, तर ही भेग दिसायला दहा वर्षे लागतील. त्यामुळे आवरण अवश्य करावे, परंतु ते खांबाला न जोडता खांबाभोवती स्वतःच्या पायावर उभे राहील असे करावे, आणि प्रत्येक खांबाची निदान एक बाजू अर्ध्या तासात उघडता यावी, एवढा आग्रह मी धरीन. वायरिंगसाठी खांबात झिरी पाडणे मात्र पूर्णपणे वर्ज्य समजावे. आवरण आणि खांब यांच्यामध्ये जी पोकळी राहील तीतून पाइप टाकून वायर नेता येते.

काम सुरू करण्यापूर्वी तिन्ही खांब नीट तपासून घ्यावेत. प्लास्टरवर हातोडीच्या दांड्याने हलके ठोकत जावे आणि पोकळ आवाज येईल तेथे खडूने खूण करावी. तपकिरी डाग, कोपऱ्यांवरील उभ्या भेगा आणि जमिनीलगतचा पांढरा खार ही तीन लक्षणे शोधावीत. खार एकटा असेल तर तो ओलीचा पुरावा आहे. डाग आणि भेग एकत्र दिसल्या तर सुताराला थांबवून आधी दुरुस्ती करावी. सर्व बाजूंची छायाचित्रे तारखेसह ठेवावीत, कारण पुढच्या वेळी पॅनेल उघडल्यावर तुलनेसाठी तीच उपयोगी पडतात.

मिस्त्री लोक एक गोष्ट हमखास सुचवतात, ती म्हणजे दोन खांबांच्या मध्ये कमरेएवढी विटांची भिंत बांधून तिच्यावर कपाट ठेवण्याची. ती मान्य करू नये. अर्ध्या उंचीची पक्की भिंत खांबाला घट्ट चिकटली की भूकंपाच्या वेळी खांबाचा खालचा भाग हलू शकत नाही, सगळी हालचाल वरच्या उघड्या तुकड्यात एकवटते आणि खांब तेथे तिरका फाटतो. २६ जानेवारी २००१ च्या भूकंपाचा हादरा बडोद्यात ज्यांनी अनुभवला आहे, त्यांना याचे गांभीर्य वेगळे सांगायला नको. खांबापासून सुटे ठेवलेले हलके लाकडी कपाट असा अडथळा करीत नाही.

लोखंडी पाइपबद्दल थोडे अधिक सावध राहावे. तो बांधकामात वापरतात तसा स्क्रूचा तात्पुरता टेकू आहे की कायमचा खांब, हे आधी पाहावे. आपण केलेल्या वर्णनावरून तो कायमचा वाटतो. त्यावर वेल्डिंग करू नये आणि पाट्यांचे बोल्ट ढिले करू नयेत. पाणी साचते ते खालच्या पाटीपाशी, म्हणून पहिला गंजही तेथेच येतो. ती घासून, गंजरोधक प्रायमर आणि एपॉक्सी रंगाचे हात देऊनच पुढचे काम करावे. आगीचा विचारही या खांबाच्या बाबतीत करावाच लागतो, कारण साधारण ५५० अंश सेल्सिअसला पोलादाची ताकद जवळजवळ निम्मी होते आणि आपण त्याच्याभोवती लाकूड रचणार आहात. त्या खांबाच्या आवरणात सामान ठेवण्याची जागा करूच नये असे माझे स्पष्ट मत आहे.

दांडियाबाजार

आमचे बालपण जुन्या बडोद्यातील वाड्यात गेले असल्यामुळे हा धागा वाचून राहवले नाही. रावपुऱ्यातील तांबेकर वाडा आपण पाहिला असेलच. चार मजली लाकडी इमारत असून तिच्या भिंतींवरील चित्रांसाठी लोक तेथे जातात, पण मी दर वेळी खांब आणि त्यांच्या माथ्याचे कोरीव हस्त (तुळईला आधार देणारे लाकडी तोडे) पाहत राहते. खांब लपवण्याची कल्पनाच त्या काळच्या सुतारांना विचित्र वाटली असती. खांब दिसावा म्हणूनच तो सुरूच्या झाडासारखा वर निमुळता होत जाई, माथ्यावर केळफूल असे आणि दोन खांबांमध्ये महिरप असे.

आपल्या दोन खांबांमध्ये ९ फुटांचे अंतर आहे, म्हणजे वाड्यातल्या खणासारखी, दोन खांबांमधली मोकळी जागा. तेथे सागाची महिरप, दोन्ही बाजूंना सुरूचे अर्धे खांब आणि पाठीमागे बैठक केली तर खोलीला रूप येईल. सामानासाठी भिंतीत फडताळे होती तशी करावीत. आणखी एक सांगते. वाड्यातला लाकडी खांब कधीही थेट जमिनीवर उभा नसे, त्याखाली दगडी तळखडा असे, आणि जमिनीतली ओल दगडापर्यंत येऊन थांबत असे. आपल्याकडे पाणी शिरते म्हणता, तर निदान एवढे तरी वाड्यावरून उचलावे.

रंधा आणि पटाशी

लाकूडकाम हा माझा व्यवसाय नाही, पण निवृत्तीनंतर घरातल्या घरात बरेच केले आहे आणि सुतारांबरोबर बसून करून घेतले आहे, त्या आधारावर सविस्तर लिहितो.

प्रथम मिस्त्रींच्या चार बाजूंच्या कपाटाचा हिशेब करून पाहा. प्लास्टर धरून खांब अंदाजे २६ बाय ४८ सें.मी. होईल. चारही बाजूंना एक फूट कपाट केले की अरुंद बाजूनेच तो ९० सें.मी.च्या वर जातो आणि रुंद बाजूने १ मीटर १० सें.मी.च्या आसपास. असे दोन ठोकळे सोळा फुटी खोलीत उभे राहिल्यावर खांब दिसणार नाही हे खरे, परंतु खोलीही दिसणार नाही.

आपल्या खांबांची १८ इंचांची बाजू भिंतीशी काटकोनात आहे, ही या मांडणीतली सर्वांत सोयीची गोष्ट आहे. खांब आणि भिंत यांच्यामधील ५ फूट जागा कपाटाने भरावी आणि कपाटाची जाडी खांबाच्या आवरणाएवढीच ठेवावी. खांबाचे २६ सें.मी., दोन्ही बाजूंना अडीच अडीच सें.मी. मोकळी हवा आणि दोन्ही बाजूंचे १९ मि.मी. प्लाय असे मिळून सुमारे ३५ सें.मी. होतात. आतून कपाटाला ३१ सें.मी. खोली मिळते आणि एवढी खोली पुस्तकांना नेमकी लागते. मग खांब हा त्या कपाटाचा पुढचा टोकाचा भाग होऊन जातो, कोठेही फुगवटा येत नाही, आणि दोन कपाटांच्या मध्ये ९ फूट रुंद आणि ५ फूट खोल असा कोनाडा तयार होतो. त्यात भिंतीला समांतर दिवाण टाकावा. दिवसा वाचन, रात्री पाहुणे.

एका कपाटात पुस्तके ठेवावीत आणि त्याची दारे कोनाड्याकडे उघडावीत. दुसऱ्याचा खालचा साडेतीन फुटांचा भाग मध्ये उभी फळी न घालता सलग ठेवावा आणि त्याची दारे बाहेरच्या बाजूस उघडावीत. भिंतीपासून ३ इंच सोडले तरी ५७ इंच लांबी उरते, त्यात ४ फुटी मखराचे भाग पुस्तकांसारखे एकापाठोपाठ एक आडवे उभे राहतात. वर रजया. पातेली मात्र येथे ३१ सें.मी.त बसणार नाहीत, त्यांचा विचार दुसरीकडे करावा.

भिंतीपासून सोडलेले ते ३ इंच कोणत्याही परिस्थितीत भरू देऊ नका. तळघराची बाहेरची भिंत मातीला टेकलेली असते, झिरपा आला तर तेथूनच येणार, आणि कपाटाची पाठ तिला चिकटलेली असेल तर पहिली बातमी बुरशीच्या वासाने मिळते. त्या भिंतीत स्क्रूसुद्धा मारू नका, कारण आतून वॉटरप्रूफिंग केलेले असल्यास प्रत्येक स्क्रू म्हणजे एक गळती आहे. आता प्रश्न येईल की खांबाला जोडायचे नाही, भिंतीलाही जोडायचे नाही, तर कपाट उभे कसे राहणार. आवरणाच्या तीन बाजू खांबाला वेढतात, चौथी कपाटाच्या सांगाड्याशी बोल्टने आवळली जाते, आणि आत चारही बाजूंना, खाली, मध्ये व वर, रबराचे जाड तुकडे खांबाला हलके टेकवले की कपाट कोणत्याही दिशेने कलंडू शकत नाही. वरच्या टोकाला मात्र तुळईशी घट्ट पाचर मारू नये. तेथे १० ते १२ मि.मी. मोकळे सोडून पुढून सागाची गलथी (फट झाकणारी नक्षीची पट्टी) लावावी. तुळई भाराने किंचित वाकते, आणि लाकूड तिच्याखाली अडकले तर भार लाकडावर येऊन रात्री कपाट करकरू लागते.

सामग्रीबाबत माझे मत ठाम आहे. या तळघरात एम.डी.एफ. नको. त्याच्या कडेला पाणी लागले की ती फुगते आणि पुन्हा पूर्ववत होत नाही. पार्टिकल बोर्ड तर त्याहून वाईट. सांगाडा आणि दारे आय.एस. ७१० शिक्क्याच्या, म्हणजे दुकानदार ज्याला मरीन म्हणतात त्या प्लायची करावीत. शिक्का प्रत्येक शीटवर पाहावा, बिलावर लिहिलेले पुरेसे धरू नये. दाराला पुढून व्हिनिअर (लाकडाचा पातळ पापुद्रा) लावले तर मागूनही तेवढ्याच जाडीचे काहीतरी लावावे, नाहीतर पावसाळ्यात दार धनुष्यासारखे वाकते. स्क्रू स्टेनलेसचे घ्यावेत.

तळखड्याची सूचना मला फार पटली. जमिनीपासून १० इंचांपर्यंत लाकूड येऊच देऊ नये. तेथे कोटा किंवा ग्रॅनाइटच्या उभ्या पाट्या, खांबापासून इंचभर सुट्या ठेवून, पायासारख्या लावाव्यात आणि त्यांत हवेसाठी भोके ठेवावीत. घोट्याइतके पाणी आले तरी ते दगडाला लागून निघून जाईल. अर्थात त्यामुळे पट्टीमागे लपवलेल्या खालच्या ड्रॉवरची हौस सोडून द्यावी लागेल. मासिकांतल्या चित्रांत तो सुंदर दिसतो, विश्वामित्री नदीच्या या पुराच्या गावात त्याचा हौद होतो.

वाळवीसाठी औषधवाले जमिनीत भोके पाडून औषध भरतात. तळघरात त्यांना तसे करू देण्याआधी जमिनीखाली वॉटरप्रूफिंगचा थर आहे काय, हे नक्की विचारून घ्यावे. खांबाभोवतीची मोकळी हवा येथेही उपयोगी पडते, कारण वाळवी मातीची नळी बांधत वर चढते आणि उघडता येणारे पॅनेल असेल तर ती नळी वेळेत दिसते.

दारे न दिसण्याची युक्ती सोपी आहे, पण काम बारीक आहे. संपूर्ण दर्शनी भागाला उभ्या खाचा घ्याव्यात, दोन दारांमधील ३ मि.मी.ची फट नेमकी खाचेत पाडावी आणि मूठ न लावता ढकलून उघडणारी चाप बसवावी. ५७ इंचांत १९ इंचांची तीन दारे येतात, साधारण सहा फूट उंचीच्या दाराला चार बिजागऱ्या लागतात. चापेची कटकट अशी की लाकूड जरा फुगले की ती अडकते, म्हणून एका बाजूला गलथीखाली बोट घालून ओढता येईल अशी खाच ठेवलेली बरी. खांबासमोरचे पॅनेल मात्र बिजागरीवर न ठेवता तिरक्या पट्टीवर अडकवावे. एक पट्टी सांगाड्याला, एक पॅनेलच्या पाठीला, दोन्हींच्या कडा ४५ अंशांत तासलेल्या. पॅनेल वर उचलले की हातात येते आणि बाहेरून स्क्रूचे एकही डोके दिसत नाही. कॉलमबीम यांची अर्ध्या तासाची अट पाच मिनिटांत पुरी होते.

रेखाटन

वरील मांडणी उत्तम आहे. मला केवळ महिरपीबद्दल असहमती नोंदवायची आहे. वाड्यातली महिरप शोभते, कारण तेथे खांबांच्या मानाने वर पुरेशी उंची सोडलेली असते. येथे तुळईखाली साडेसात फूट आहेत. नक्षीला आकार यायला महिरप निदान सव्वा ते दीड फूट खाली उतरावी लागते, मग तिच्या बाजूच्या टोकांपाशी जमिनीपासून सहाच फूट उरतात आणि उंच माणूस दिवाणावर बसायला जाताना वाकून जातो. शिवाय बुटक्या खोलीत आडवी गडद रेषा छत आणखी खाली आणते.

मी असे सुचवीन की उभ्या रेषा तेवढ्या घ्याव्यात. सुरूच्या खांबाचा उभार खोल न कोरता, खोलीकडच्या १४ इंची दर्शनी बाजूवर दोन कडांना अर्धगोल खरादी पट्ट्या आणि मध्ये साध्या खाचा एवढेच ठेवावे. संखेड्याचे काम येथे बसते. सागावर खराद, कथिलाची नक्षी आणि वर लाखेचा थर यांमुळे येणारी ती सोनेरी झाक कमी उजेडातही दिसते, आणि तळघरात उजेड कमीच असतो. पण ती झाक दोन दर्शनी बाजूंपुरतीच ठेवावी. तीच नक्षी दारांवर आणि दिवाणावरही आली, तर खोलीला लग्नाच्या मांडवाची कळा येईल. तुळया आणि स्लॅब एकाच फिक्या रंगाचे ठेवावेत आणि दिव्याची पट्टी गलथीवरून छताकडे उजेड टाकील अशी लावावी. तिचा ड्रायव्हर (पट्टीला वीज पुरवणारी छोटी पेटी) पुस्तकांमागे कोंडू नये, तो गरम होतो. बटणे चार फुटांच्या खाली नकोत, आणि तळघराच्या सर्किटला ३० मिलीअँपिअरचा आर.सी.सी.बी. (वीज गळू लागताच पुरवठा तोडणारा स्विच) नसेल तर तो आधी बसवून घ्यावा.

अकोट्याची मावशी

लपलेली कपाटे झाली की घरातील मंडळी त्यांत घराची कागदपत्रे, दागिने आणि जुने फोटो ठेवू लागतात, कारण जागा सुरक्षित वाटते. चोरापासून ती सुरक्षित असेलही. ऑगस्ट २०२४ मध्ये आमच्या ओळखीच्या एका कुटुंबाच्या तळघरात पाणी छतापर्यंत होते आणि नंतर बिजागऱ्या गंजून दारेच उघडेनात. गेल्यास हळहळ वाटेल पण अडणार नाही, एवढेच सामान तेथे ठेवावे. रजयासुद्धा प्लास्टिकच्या घट्ट पिशवीत न कोंडता सुती चादरीत बांधाव्यात, पिशवीत आतल्या आत घाम धरतो. कपाटाला वर आणि खाली हवेची फट ठेवायला विसरू नये, आणि दसऱ्याच्या सुमारास दोन दिवस सगळी दारे उघडी टाकावीत.

मांजलपूरकर

सर्वांचे मनापासून आभार. काल खांब ठोकून पाहिले. दोन्ही काँक्रीटचे खांब सर्वत्र भरीव वाजतात, एका खांबाच्या तळाशी वीतभर खार आहे, भेग किंवा डाग कोठेही नाही. पाइपच्या खालच्या पाटीवर मात्र बोल्टच्या भोवती गंज आहे, रंगाचे पोपडे निघत आहेत. ज्या इंजिनिअरांनी तो दिला होता त्यांनाच बोलावले आहे, ते पाहून गेल्यावरच रंगकाम करू.

कपाटांची मांडणी घरात सर्वांना पसंत पडली, महिरपीचा बेत रद्द केला आहे आणि मखराचा प्रश्न सुटल्याचा आनंद सर्वाधिक आहे. पातेली माळ्यावरच राहतील. मिस्त्री एम.डी.एफ. सोडायला तयार झाले. प्लाय खांबाला न जोडण्याबद्दल त्यांनी बराच वाद घातला, पण तिरक्या पट्टीचा नमुना करून दाखवल्यावर त्यांनाच तो आवडला. आता शंका उरली ती पाइपची. त्यात सामान ठेवायचे नाही हे ठरले, परंतु जिन्यातून समोर दिसणारा तो नळ तसाच रंगवून सोडावा, की गोल लाकडी खांबासारखा करता येईल? खरादावर पोकळ खांब कसा करतात याची कल्पना नाही, आणि पाइप तर काढता येत नाही.

रंधा आणि पटाशी

पोकळ खांब सलग लाकडातून कोरत नाहीत. पिंपासारख्या उभ्या फळ्या जोडून तो करतात. आपल्या पाइपचा बाहेरचा व्यास ११४ मि.मी.च्या आसपास असेल. भोवती इंचभर हवा आणि इंचभर जाडीची सागाची फळी धरली तर बाहेरचा व्यास सुमारे २१५ मि.मी., म्हणजे साडेआठ इंच होतो. साडेसात फूट उंचीला ही जाडी डोळ्यांना बरी दिसते. बारा फळ्या घेतल्या तर प्रत्येकीच्या दोन्ही कडा १५ अंशांत तासाव्या लागतात, आठ घेतल्या तर साडेबावीस अंशांत. बारा घ्याव्यात, गोलाई रंध्याने लवकर येते आणि फळी कमी वाया जाते.

सहा सहा फळ्या चिकटवून दोन अर्धे भाग वेगवेगळे करावेत आणि त्या दोन सांध्यांना सरस न लावता लाकडी खुंट्या ठेवाव्यात. गोलाई देताना दोन्ही भाग पट्ट्यांनी आवळून एकत्र फिरवावेत किंवा रंधावेत, मग सोडवून पाइपभोवती आणावेत आणि पुन्हा जुळवावेत. एवढ्या लांबीचा खांब एका तुकड्यात खरादावर चढवणे बहुतेक कारागिरांना जमणार नाही, म्हणून तो तीन भागांत करावा आणि जोड येतील तेथे संखेड्याची लाखेची कडी बसवावी. कडीचेही दोन अर्धे लागतील. त्यासाठी कारागीर दोन लाकडांमध्ये कागद घालून चिकटवतात, खरादून पूर्ण गोल करतात आणि नंतर कागदाच्या रेषेवर पटाशी लावून फोडतात, म्हणजे दोन्ही अर्धे तंतोतंत जुळतात. दर्शनी बाजूच्या अर्धगोल पट्ट्याही याच रीतीने होतात, तेव्हा ऑर्डर एकत्रच द्यावी आणि मापे मिलिमीटरमध्ये लिहून द्यावीत.

तळाशी दगडी बैठक येथेही करावी, पण ती दोन अर्ध्यांत आणि पोलादी पाटीपेक्षा मोठी असावी, पाटीवर टेकलेली नसावी. एका अर्ध्याला बोट जाईल एवढी खाच ठेवावी. कॉलमबीम यांना विचारून त्या पोकळीत पाइपभोवती आगरोधक जिप्सम बोर्डाच्या पट्ट्या किंवा तत्सम काही बसते काय ते पाहावे, तसे असल्यास व्यास अडीच-तीन सें.मी.ने वाढवावा लागेल आणि ते फळ्या कापण्यापूर्वी ठरले पाहिजे.

कॉलमबीम

पोलादासाठी फुगणारा आगरोधक रंग मिळतो. तापल्यावर तो फुगून जाड थर धरतो आणि पाइपला काही काळ उष्णतेपासून वाचवतो. एवढ्या गोल पाइपवर जिप्समचे तुकडे बसवण्यापेक्षा तो सोयीचा पडेल आणि व्यासही वाढणार नाही. मात्र त्याला फुगायला जागा लागते, म्हणून रंधा यांनी धरलेली इंचभर पोकळी कमी करू नये. खालचा प्रायमर त्या रंगाला चालणारा आहे काय, हे डब्यावर पाहून मगच एपॉक्सी निवडावा. इंजिनिअर येतील तेव्हा वरच्या पाटीखाली तुळईला भेग आहे काय हेही त्यांना शिडीवर चढून पाहायला सांगावे. लाकडी खांब बसल्यावर ती जागा माथ्याच्या कडीमागे जाईल, त्यामुळे ती वरची कडी तेवढी स्क्रूवर, न चिकटवता ठेवावी.